प्रतीक्षा आणि जागल : ख्रिस्ताच्या पुनरागमनाची श्रद्धा व मराठी ख्रिस्ती वाङ्मय

१

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार करताना आपले अभ्यासक बहुधा तीन प्रश्नांभोवती फिरतात. पहिला धर्मांतराचा, दुसरा भक्तिपरंपरेशी ह्या वाङ्मयाने जोडलेल्या नात्याचा आणि तिसरा भाषेचा. हे तिन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत ह्यात शंका नाही. तथापि ख्रिस्ती श्रद्धेचे एक मूलभूत अंग ह्या चर्चेत जवळजवळ अस्पर्शित राहिले आहे. येशू ख्रिस्त पुन्हा येणार आहे, आणि तो येईपर्यंतचा काळ त्याच्या अनुयायाने निष्ठेने घालवावयाचा आहे, ही ती श्रद्धा होय. नव्या कराराचे जवळजवळ प्रत्येक पुस्तक ह्या अपेक्षेने भारलेले आहे. मग मराठीत ख्रिस्ती अनुभव ज्यांनी शब्दबद्ध केला, त्यांच्या लेखनात ह्या अपेक्षेला कोणते रूप मिळाले? की मराठीच्या धार्मिक संस्कारांमध्ये तिला जागाच सापडली नाही?

प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी पुणे, मुंबई, अहमदनगर ही मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची परिचित केंद्रे पुरेशी नाहीत, असे आमचे मत आहे. पूर्व विदर्भातील चंद्रपूर व गडचिरोली ह्या वनप्रदेशाकडे, म्हणजे १९८२ पूर्वीच्या अखंड चांदा जिल्ह्याकडेही, पाहिले पाहिजे. ह्या प्रदेशाने मराठीला मोठा ख्रिस्ती ग्रंथ दिला म्हणून नव्हे, तर येथील लोकजीवनात ह्या श्रद्धेचे मर्म उकलणारा एक शब्द व एक आचार जिवंत आहे म्हणून.

२

प्रथम मूळ कल्पना स्पष्ट करणे इष्ट होय. ज्याला आपण 'पुनरागमन' किंवा 'द्वितीयागमन' म्हणतो, त्यासाठी नव्या करारात प्रामुख्याने 'पारुसिया' हा ग्रीक शब्द येतो. त्याचा अर्थ दुहेरी आहे. 'येणे' हा एक आणि 'उपस्थित असणे' हा दुसरा. ग्रीक-रोमन व्यवहारात राजाने किंवा राज्याधिकाऱ्याने एखाद्या नगराला दिलेल्या भेटीलाही हाच शब्द लावीत. अशी भेट ठरली म्हणजे रस्ते दुरुस्त होत आणि नगरवासी स्वागतासाठी वेशीबाहेर जात. 'पुनरागमन' ह्या संस्कृतोद्भव शब्दात येण्याचा अर्थ उतरला आहे, परंतु उपस्थितीचा अर्थ सुटला आहे. 'पुनः' हे अव्यय तर मूळ ग्रीक शब्दात नाहीच.

दुसरा शब्द 'हुपोमोने' हा होय. त्याचे भाषांतर आपल्याकडे 'धीर' किंवा 'सहनशीलता' असे होते. शब्दशः पाहता 'भाराखाली टिकून राहणे' असा त्याचा आशय आहे. वाट पाहणे आणि टिकून राहणे ह्या दोन क्रिया ह्या एका शब्दात एकजीव झालेल्या आहेत.

तिसरा शब्द 'मारानाथा' हा ग्रीक नसून अरामी आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अखेरीस पौलाने तो भाषांतर न करता तसाच ठेविला आहे. त्याचे विभाजन दोन प्रकारे करता येते. एका रीतीने 'आमच्या प्रभो, ये' असा अर्थ निघतो, तर दुसऱ्या रीतीने 'आमचा प्रभू आला आहे' असा. प्रार्थना आणि घोषणा, भविष्य आणि भूत ह्यांच्या सीमेवर उभा असलेला हा शब्द आद्य मंडळीच्या मनःस्थितीचा जणू सारांशच आहे.

ही मनःस्थिती आरंभापासून संकटातून गेली. थेस्सलनीका येथील मंडळीत काही लोकांनी प्रभू आता येणारच ह्या समजुतीने कामधंदा सोडला. त्यांना पौलाने खडसावून सांगितले, की ज्याला काम करावयाचे नाही त्याने जेवूही नये. आपल्या दृष्टीने हा प्रसंग फार महत्त्वाचा आहे. पुनरागमनाच्या श्रद्धेवर 'ही माणसाला इहलोकापासून तोडते' असा जो आक्षेप आधुनिक विचारवंत घेतात, तो पौलाला पहिल्याच शतकात ठाऊक होता. त्याने त्याचे उत्तरही तेथेच दिले आहे. प्रतीक्षेची कसोटी कामात लागते, हे ते उत्तर होय. मार्काच्या शुभवर्तमानातील दाखल्यातही परदेशी जाणारा धनी प्रत्येक चाकराला त्याचे त्याचे काम वाटून देतो आणि मग द्वारपाळाला जागे राहण्यास सांगतो. काम आणि जागेपणा ह्यांची ही जोड ह्या श्रद्धेचा गाभा आहे, हे येथे लक्षात ठेविले पाहिजे.

३

आता मराठीच्या धार्मिक संस्कारांकडे वळू. मराठी मनाला प्रतीक्षा अपरिचित आहे असे मुळीच नाही. उलट आपले सर्वांत लोकप्रिय दैवतच प्रतीक्षेचे मूर्तिमंत रूप आहे. परंतु येथे एक विलक्षण उलटापालट दिसते. पंढरपूरला भक्त देवाची वाट पाहत नाही, तर देव भक्ताची वाट पाहत उभा आहे. पुंडलिक आईबापांच्या सेवेत गुंतलेला असल्यामुळे देवाला विटेवर थांबावे लागले, आणि तो युगानुयुगे तेथेच तिष्ठत आहे. देव आलेलाच आहे. यावयाचे आहे ते भक्ताने, आणि तो दर आषाढी-कार्तिकीला येतोही. वारी ही प्रतीक्षेची समाप्ती होय. तिच्यात मीलनाचा आनंद आहे, पण न पाहिलेल्या दिवसाची उत्कंठा नाही.

संतांच्या निर्वाणाविषयीची आपली कल्पनाही ह्याच जातीची आहे. १२९६ साली आळंदीला ज्ञानेश्वरांनी घेतलेली समाधी 'संजीवन' मानली जाते, म्हणजे ते गेलेलेच नाहीत. तुकोबा सदेह वैकुंठाला गेले अशी श्रद्धा आहे, परंतु ते परत येतील अशी अपेक्षा वारकरी करीत नाही. कारण अभंगांच्या रूपाने ते त्याच्यापाशीच आहेत. पुराणांत भविष्यकालीन कल्की अवताराचे वर्णन आहे खरे, तथापि कल्कीभोवती मराठीत भक्तीचा जिव्हाळा कधी जमला नाही. थोडक्यात, मराठी भक्तीचा काळ हा नित्य वर्तमानकाळ आहे. 'येणार आहे' ह्या क्रियापदावर उभारलेली श्रद्धा तिला काहीशी परकीच वाटते.

ख्रिस्ती लेखकांपुढे त्यामुळे मोठी अडचण उभी राहिली असली पाहिजे. फादर स्टीफन्स ह्यांनी १६१६ साली ख्रिस्तपुराण छापून प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनी पुराणाचा साचा पत्करला. पहिल्या पुराणाचे ३६ आणि दुसऱ्याचे ५९ अवस्वरू मिळून जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आहे. पुराण म्हणजे घडून गेलेल्याची कथा. तिच्या श्रवणाने पुण्य लाभते, चित्त शुद्ध होते. परंतु ऐकणाऱ्याला पुढच्या एका अनिश्चित दिवसासाठी सज्ज ठेवणे हे पुराणाच्या रचनेचे कार्य नव्हे. स्टीफन्स ह्यांच्या प्रतिभेविषयी पूर्ण आदर बाळगूनही असे म्हणावे लागते, की हा साचा निवडल्यामुळे ख्रिस्तकथेतील 'झाले' हे मराठीत जितक्या थोरपणे आले, तितक्या थोरपणे 'व्हावयाचे आहे' हे येऊ शकले नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच स्पष्ट होते. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या वाटेने, ही त्यांची भूमिका सर्वश्रुत आहे. त्यांच्या अभंगांत आणि भजनांत ख्रिस्त हा सखा, माउली, गुरू म्हणून येतो. तो जवळ आहे, अंतरात आहे. महाराष्ट्रातील उपासनामंदिरांतून आजही गाइल्या जाणाऱ्या 'उपासना-संगीता'वर टिळकांचा ठसा आहे, आणि तो ह्या सान्निध्याच्या भक्तीचा ठसा आहे. 'पारुसिया' ह्या शब्दाचा उपस्थितीवाचक अर्थ टिळकांच्या काव्यात इतका फुलला, की आगमनवाचक अर्थ त्याच्या सावलीत झाकला गेला.

ह्याला टिळकांचा दोष म्हणावे काय? आमच्या मते नाही. त्यांनी ज्या भाषेत भक्ती शिकली, त्या भाषेचा हा स्वभाव होता, आणि तिच्याशी इमान राखल्यामुळेच त्यांचे काव्य परके वाटत नाही. परंतु समीक्षकाने लाभाबरोबर हानीही मोजली पाहिजे. ज्याचा देव सदैव सन्निध आहे, त्याला अन्यायाच्या आणि अपूर्णतेच्या दीर्घ काळाचा हिशेब द्यावा लागत नाही. दुष्काळ, दास्य आणि रोग ह्यांच्या खाली दडपलेल्या माणसाला मात्र तो हिशेब हवा असतो. 'प्रभू जवळ आहे' एवढे त्याला पुरत नाही. 'प्रभू येणार आहे आणि न्याय होणार आहे' हेही त्याला ऐकावयाचे असते.

४

मराठी ख्रिस्ती पद्यात जे उणे राहिले, ते गद्यात काही अंशी भरून निघाले, आणि विशेष म्हणजे ते स्त्रियांच्या हातून. येथे दोन व्यक्तींचा निर्देश पुरेसा आहे.

लक्ष्मीबाई टिळक ह्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३७ ह्या काळात प्रसिद्ध झाली. विनोद, निर्व्याजता आणि बोलीचा गोडवा ह्यांसाठी त्या ग्रंथाची यथार्थ स्तुती झाली आहे. परंतु प्रतीक्षेचे वाङ्मय म्हणून त्याचे वाचन फारसे झालेले नाही. पतीने धर्म बदलल्यानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. त्या काळाचे जे चित्रण त्यांनी केले आहे, त्यात वाट पाहणे आहे, पण हातावर हात ठेवून बसणे नाही. मूल वाढवावयाचे आहे, सोवळे-ओवळे सांभाळावयाचे आहे, राग आणि माया दोन्ही बाळगावयाच्या आहेत. ज्याची वाट पाहावयाची त्याच्याविषयी मनात शंका आहे आणि तरीही नाते तुटलेले नाही. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. पुढे प्लेगच्या दिवसांत केलेली सेवा आणि परक्या मुलांना दिलेला आसरा ह्यांच्या हकिकती त्या त्याच सुरात सांगतात. लक्ष्मीबाई पुनरागमनाच्या सिद्धान्ताची चर्चा करीत नाहीत. परंतु न आलेल्याशी निष्ठा कशी राखावी, ह्याचे मराठी गद्य त्यांनीच प्रथम घडविले.

'ख्रिस्तायना'चा इतिहास हेच दाखवितो. टिळकांच्या हातून ह्या महाकाव्याचे दहा-अकरा अध्यायच होऊ शकले. त्यांच्या निधनानंतर लक्ष्मीबाईंनी लेखणी घेऊन पुढची कित्येक वर्षे ते काम चालविले, आणि ग्रंथ १९३८ साली, म्हणजे त्यांच्याही मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. ज्याने काम सोपविले तो समोर नाही आणि ते पूर्ण झालेले पाहावयास आपण असू की नाही ह्याची खात्री नाही, अशा स्थितीत काम करीत राहणे म्हणजेच सुवार्तेतील चाकराची निष्ठा होय.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि तेथून शेकडो अनाथ मुली व विधवा त्यांनी आपल्या आश्रयाखाली आणिल्या. चांदा जिल्हा त्या वेळी मध्यप्रांतातच मोडत होता. १९०५ साली केडगावच्या मुक्ती सदनात मोठे धार्मिक पुनरुज्जीवन झाले. त्या काळच्या अशा चळवळींत प्रभूचे येणे समीप असल्याची भावना जगभर प्रबळ होती, आणि मुक्तीचे वातावरण तिच्यापासून अलिप्त नव्हते. परंतु ह्या भावनेचा परिणाम काय झाला ते पाहावे. विहिरी, शेती, शिवण, विणकाम आणि छापखाना ह्यांपैकी काहीही थांबले नाही. रमाबाईंनी तर आयुष्याची अखेरची वर्षे हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालविली आणि १९२२ साली ते काम हातावेगळे होताच त्यांनी देह ठेविला. जग लवकर संपणार असे जो अक्षरशः मानतो, त्याने खेड्यातील अल्पशिक्षित बाईला कळावे म्हणून शब्दनशब्द चाळीत बसण्याचे कारण काय? येणाऱ्याला कामाचा हिशेब द्यावयाचा आहे, हेच ते कारण. थेस्सलनीकाच्या आळशांना पौलाने दिलेले उत्तर केडगावने पुन्हा एकदा आचरणातून दिले.

५

आता चंद्रपूर-गडचिरोलीकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचे मिशन चांद्यात काम करीत होते. तेथे दीर्घकाळ राहिलेले अलेक्झांडर वुड ह्यांनी त्या अनुभवावर 'इन अँड आउट ऑफ चांदा' हे इंग्रजी पुस्तक लिहिले आणि पुढे १९२६ ते १९३६ ह्या काळात ते नागपूरचे बिशप होते. दक्षिणेस सिरोंचा येथे अमेरिकन मेथडिस्टांनी केंद्र उघडले. तेथे तेलुगू, मराठी, गोंडी ह्या भाषा एकमेकींना भिडतात. १९६२ साली चांद्याचे क्षेत्र केरळच्या सिरो-मलबार परंपरेकडे सोपविण्यात आले. १९७७ पासून ते स्वतंत्र धर्मप्रांत असून त्याचे मुख्य ठाणे बल्लारपूरला आहे. १९७० साली नागपूरला उत्तर भारतीय चर्चची स्थापना होऊन जुन्या अँग्लिकन मंडळ्या तिच्यात विलीन झाल्या.

ह्या नोंदींत अभ्यासकाच्या दृष्टीने एक मोलाची गोष्ट दडलेली आहे. सिरो-मलबार परंपरेची जुनी उपासनाभाषा सिरियाक, म्हणजे 'मारानाथा' हा शब्द ज्या अरामीतील आहे तिचीच एक शाखा. ह्या परंपरेत पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करण्याचा जुना प्रघात आहे, कारण मत्तयाच्या शुभवर्तमानातील विजेच्या उपमेस अनुसरून प्रभू पूर्वेकडून येईल असे मानीत. तिच्या उपासनावर्षात 'एलिया-स्लीवा-मोशे' नावाचा ऋतू आहे. तो साधारणतः भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास येतो, आणि त्याचा मुख्य विषयच प्रभूचे दुसरे येणे व अंतिम न्याय हा आहे. पहिल्या शतकातील पॅलेस्टाईनची हाक ज्या परंपरेने जपली, ती कोळशाच्या खाणी आणि कागदगिरणी ह्यांच्या बल्लारपुरात येऊन पोहोचली. हा केवळ योगायोग म्हणून सोडून द्यावा असा नाही.

कारण भाद्रपद-आश्विन हा ह्या प्रदेशात कोणता काळ असतो? ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल येथून थेट वैनगंगेपलीकडे आरमोरी-कुरखेड्यापर्यंत हा भाताचा मुलूख आहे. ह्या दिवसांत धान पोटरीत येते, पुढे लोंब्या धरते, आणि जंगलातून रानडुकरे शेतात उतरतात. मग शेतकरी रात्री शेतावर जातो. मचाणावर किंवा खोपीत बसतो, शेकोटी पेटवितो, डबा वाजवितो, आरोळी देतो. ह्याला विदर्भात 'जागल' म्हणतात. वाघाचा वावर असलेल्या ह्या मुलखात जागलीला जाणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय, हे निराळे सांगावयास नको.

'जागल' ह्या शब्दाची इतर पर्यायांशी तुलना करून पाहावी. 'प्रतीक्षा' म्हणजे एखाद्याच्या दिशेने पाहणे. हा शब्द डोळ्यांचा आहे. 'वाट पाहणे' हाही डोळ्यांचाच, पण त्यात रस्ता आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हा वाट पाहणे ह्या प्रयोगातील वाट किती खरी असते हे तेथील माणूसच जाणे. 'तिष्ठणे' हा पायांचा शब्द. त्यात थकवा आणि थोडी उपेक्षाही आहे. 'जागल' मात्र सबंध देहाचा शब्द आहे. त्यात डोळे, कान, आवाज, हात सगळे गुंतलेले असतात. जागल करणारा रिकामा नसतो, आणि तो केवळ स्वतःसाठीही जागत नाही. त्याच्या जागण्यावर घरच्यांचे वर्षाचे अन्न अवलंबून असते. शत्रू केव्हा येईल ते त्याला ठाऊक नाही, परंतु पहाट होणार आणि कापणी येणार हे ठाऊक आहे.

मराठी बायबलाच्या रूढ भाषांतरांत शिष्यांना दिलेल्या आज्ञेसाठी 'जागृत राहणे' असा प्रयोग आढळतो. तो चुकीचा नाही, परंतु 'जागृती' ह्या शब्दावर आज प्रबोधनाचे आणि सभासंमेलनांचे इतके थर चढले आहेत, की त्यातील रात्र, थंडी आणि भय निघून गेले आहे. येशूच्या दाखल्यांत मात्र ती रात्र आहे. चोर आहे, दिवा आहे, तेल आहे, धन्याची अनिश्चित वेळ आहे. यशयाच्या पहिल्याच अध्यायात काकडीच्या शेतातील राखणदाराच्या खोपीची उपमा येते. ती ब्रह्मपुरीच्या शेतकऱ्याला टीपेवाचून कळेल. ज्या भाषेत 'जागल' हा शब्द आहे, त्या भाषेला पुनरागमनाची श्रद्धा परकी आहे असे आपण वर म्हटले. ते संतकाव्याच्या भाषेपुरते खरे आहे. शेताच्या भाषेला ती परकी नाही.

ह्याच प्रदेशाच्या गोंड परंपरेतून आणखी एक साक्ष देता येते. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे १८६३ साली ओढ्याच्या पुरात बुडून मरण पावले. त्यांनी जमविलेली लिंगोची गोंडी कथा रिचर्ड टेंपल ह्यांनी १८६६ साली प्रसिद्ध केली. त्या पाठात महादेव-पार्वतीचा बराच वावर असल्याने त्यावर हिंदू संस्कार झाल्याचे अभ्यासक मानतात, ही सावधगिरी बाळगूनच तिच्याकडे पाहावे. गुहेत कोंडलेल्या गोंडांना लिंगो मुक्त करतो, त्यांना कुळे आणि देव देतो. पुरातून वाचविणाऱ्या कासवाला दिलेले वचन मोडू नका असे बजावतो आणि देवांकडे जावयाचे म्हणून पाहता पाहता अदृश्य होतो. 'प्रेषितांची कृत्ये' ह्या पुस्तकाच्या आरंभी शिष्य आकाशाकडे पाहत उभे राहतात, त्या प्रसंगाची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. परंतु साम्यापेक्षा भेद अधिक बोलका आहे. लिंगो परत येण्याचे आश्वासन देत नाही. तो मागे ठेवितो ते केवळ वचन पाळण्याचे कर्तव्य. गोंड माणसाची निष्ठा ही गेलेल्याशी आहे, येणाऱ्याशी नाही. ख्रिस्ती उपदेशकाने ह्या भूमीत 'येणारा प्रभू' सांगितला, तेव्हा त्याला ऐकणाराजवळ वचननिष्ठा आयती सापडली असली पाहिजे. आशा मात्र नव्याने द्यावी लागली असेल.

६

ह्या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. त्यांचा विचार केल्यावाचून निष्कर्षाकडे जाणे उचित होणार नाही.

पहिला आक्षेप असा, की प्रतीक्षेचे जागलीत रूपांतर केले म्हणजे श्रद्धेचे समाजसेवेत रूपांतर होते. काम महत्त्वाचे ठरले, की येणारा प्रभू अनावश्यक होतो. वरोड्याचे उदाहरण ह्या आक्षेपाला पुष्टी देणारे वाटेल. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन करणारे बाबा आमटे (१९१४–२००८) हे ख्रिस्ती नव्हते, आणि त्यांना तसे ठरविण्याचा अधिकार कोणालाही नाही. पावसात पडलेल्या तुळशीराम नावाच्या कुष्ठरोग्याला पाहून ते प्रथम भयाने दूर झाले आणि मग त्या भयावर मात करून परतले, ही हकिकत सर्वपरिचित आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील न्यायाच्या दृश्यात राजा म्हणतो, की भुकेल्या, आजारी, उघड्या माणसाच्या रूपाने मीच तुम्हांस भेटलो होतो, आणि नीतिमान लोक आश्चर्याने विचारतात, की आम्ही तुला केव्हा पाहिले. ह्या दृष्टीने पाहिल्यास जो वाट पाहत नव्हता त्यालाच भेट घडली, असे म्हणता येईल. मग वाट पाहण्याचे प्रयोजन काय?

ह्याचे उत्तर त्या दृश्यातच आहे. सेवा करणाऱ्यांना राजा ओळखू आला नाही हे खरे, परंतु त्यांच्या सेवेला अर्थ प्राप्त झाला तो राजा आला म्हणून. तो कधीच आला नसता, तर भुकेल्याची भूक आणि तिला दिलेला घास दोन्ही विस्मृतीत गेले असते. जागलीचेही असेच आहे. कापणी येणारच नसेल तर रात्रभर जागणारा माणूस केवळ हटवादी ठरेल. कापणीच्या खात्रीमुळे त्याच्या जागण्याला शहाणपण येते. म्हणजे काम हे आगमनाला पर्याय नसून आगमनामुळेच ते काम ठरते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गरिबाला उद्याच्या न्यायाचे आश्वासन देऊन आजचा अन्याय सोसावयास लावणे हा धर्माचा जुना उद्योग आहे, असे म्हटले जाते. ज्या जिल्ह्यांत जंगल, खाण आणि जमीन ह्यांवरील हक्कांचे प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या धगधगत राहिले, तेथे हा आक्षेप हलक्या हाताने बाजूला सारता येणार नाही. एवढे मात्र म्हणता येते, की हा आरोप बसतो तो डोळ्यांच्या प्रतीक्षेवर. जागल करणारा डुकराला 'उद्या न्याय होईल' असे सांगत नाही. तो उठून आरोळी देतो. अंतिम कापणी आपल्या हाती नाही हे तो जाणतो, पण आजची रात्र आपल्या हाती आहे हेही जाणतो. ज्या उपदेशाने माणसाला पहिले शिकविले आणि दुसरे लपविले, त्याने नव्या कराराचा अर्धाच भाग सांगितला, असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

७

आतापर्यंतच्या विवेचनाचा निष्कर्ष असा, की मराठी ख्रिस्ती काव्याने भक्तिपरंपरेचा सेतू वापरल्यामुळे ख्रिस्ताचे सान्निध्य मराठीत समृद्ध झाले, परंतु त्याचे आगमन गौण राहिले. लक्ष्मीबाई टिळक आणि पंडिता रमाबाई ह्यांच्या गद्यात व कार्यात आगमनाच्या श्रद्धेचे आचारात्मक रूप उमटले, तथापि त्याला स्वतंत्र प्रतिमा मिळाली नाही. ती प्रतिमा मराठीच्या ग्रामीण, विशेषतः पूर्व विदर्भाच्या, शब्दभांडारात उपलब्ध आहे. 'जागल' ह्या एका शब्दात काम, भय, रात्र, इतरांसाठी जागणे आणि पहाटेची खात्री हे नव्या करारातील पाचही घटक एकत्र आलेले आहेत.

ह्यावरून संशोधनाची एक दिशा सुचते. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा इतिहास आजवर प्रामुख्याने मुद्रित ग्रंथांवरून आणि 'ज्ञानोदया'सारख्या नियतकालिकांवरून लिहिला गेला. चांदा, बल्लारपूर, सिरोंचा येथील मंडळ्यांमधील प्रवचने, प्रार्थना, अंत्यविधीच्या वेळची गाणी आणि हंगामाच्या उपासना हे साहित्य बोलीत असल्यामुळे वाङ्मय म्हणून गणले गेले नाही. आगमनकालाचे चार रविवार येथे मळणीच्या दिवसांत येतात. त्या रविवारी धान खळ्यावर आलेला माणूस येणाऱ्या प्रभूविषयी काय बोलतो, ह्याची नोंद पदव्युत्तर विद्यार्थ्याने घेतली, तर ती कोणत्याही ग्रंथसूचीइतकीच मोलाची ठरेल. टिळकांनी तुकोबांची भाषा घेऊन ख्रिस्ताला मराठीत आणिले. त्याची वाट कशी पाहावी हे सांगणारी भाषा मात्र अजून शेताच्या बांधावरच आहे, आणि तेथून तिला ग्रंथात आणण्याचे काम व्हावयाचे आहे.